आरोपी फरारी झाला, तरी खटला थांबत नाही

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील असंख्य कुटुंबांत आईवडील दोघेही लोकलने मुंबईस कामाला जातात. शाळेतून परतलेले मूल सायंकाळपर्यंत शेजारच्या काकांकडे थांबते. घराची किल्लीही पुष्कळदा तेथेच असते. हा शेजारधर्म या शहरांचा मोठा आधार होय. मात्र, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार बालकांवरील बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच होता.

विश्वासातील शेजाऱ्यावर आरोप झाला की ‘आपसांत मिटवा’ असा आग्रह सुरू होतो. तेवढा अवधी पळून जाण्यास पुरतो. कल्याण तर जंक्शनच. नाशिक आणि पुणे, दोन्ही बाजूंना गाड्या सुटतात. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याण पूर्वेतील एका अल्पवयीन मुलीच्या हत्येच्या प्रकरणातील आरोपी थेट शेगावला पोहोचला होता. पोलिसांनी त्याला काही दिवसांतच तेथे पकडले. वास्तविक, २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार असा गुन्हा ठाऊक असूनही न कळवणे हाच अपराध असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मध्यस्थी करणाऱ्यांना याची जाणीव क्वचितच असते.

आरोपी गेला, आता तक्रारीचा काय उपयोग, असे पालकांना वाटते. परंतु बालकाचा जबाब आरोपीच्या अटकेसाठी थांबत नाही. तो बालकाच्या घरी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता नोंदवावयाचा असतो. फरारी व्यक्तीविरुद्ध न्यायालय उद्घोषणा काढते, हजर होण्यास किमान ३० दिवस देते आणि मालमत्ताही जप्त करू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने आणखी एक पाऊल टाकले आहे. दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात उद्घोषित अपराधी ठरलेला इसम सापडण्याची नजीकची शक्यता नसेल, तर दोषारोप निश्चित झाल्यापासून ९० दिवसांनंतर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देता येतो.

नुकसानभरपाईसाठीही आरोपी सापडण्याची अट नाही. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार विशेष न्यायालय ती मंजूर करू शकते. अंतरिम रक्कमही देता येते.

मदतीसाठी १०९८ हा क्रमांक विनाशुल्क आहे. घटना डोंबिवलीतील असली आणि कुटुंब भीतीपोटी गावी गेले असले, तरी तेथील पोलीस ठाणे तक्रार नोंदवून डोंबिवलीस पाठवते.