बिनपगारी कामाची कमाई
नोकरीपलीकडचा अभियंता : लेखांक ७

मागच्या लेखांकात प्रमाणपत्र परीक्षांचा हिशेब मांडला होता. त्याला लागूनच येणारा विषय म्हणजे व्यावसायिक संस्थेचं सभासदत्व. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, आयट्रिपलई, एएसएमई, वातानुकूलनवाल्यांची इश्रे, अशा संस्थांची वर्गणी भरली की ओळखपत्र मिळतं, मासिक येतं, व्हिजिटिंग कार्डावर नावापुढे चार अक्षरं वाढतात. एवढ्याने करिअरला काही मिळतं का? माझ्या मते, फारसं नाही. मिळतं ते संस्थेचं काम अंगावर घेतल्याने, आणि तेही कुठल्याही कामाने नव्हे. दीपप्रज्वलन, सूत्रसंचालन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ हे कुणीतरी करावंच लागतं. त्यातून ओळखी होतात, पण अभियंता म्हणून तुम्ही जिथे होता तिथेच राहता. मी बोलतोय ते तांत्रिक समितीतल्या कामाबद्दल, जिथे मानकं आणि नियम लिहिले जातात.

बॉयलरचं उदाहरण घेऊ. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ब्रॉकटन गावातल्या ग्रोव्हर बूट कारखान्याचा बॉयलर फुटला आणि छत फोडून बाहेर गेला. इमारत कोसळली, आग लागली, ५८ माणसं गेली. त्या काळात बॉयलर फुटणं ही तिथे नवलाची गोष्ट नव्हती. मॅसॅच्युसेट्सने १९०७ मध्ये नियम केले, पाठोपाठ इतर राज्यांनी आपापले केले, आणि नवीच अडचण उभी राहिली. एका राज्यात पास होणारा बॉयलर शेजारच्या राज्यात नापास होऊ लागला. १८८० मध्ये स्थापन झालेल्या एएसएमई या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये समिती बसवली. १९१४ ची म्हणून ओळखली जाणारी पहिली बॉयलर संहिता तिने तयार केली. ती लिहिणारे अभियंते आपापली नोकरी, आपापला धंदा सांभाळून काम करत होते आणि समितीचा पगार त्यांना नव्हता.

आज पिंपरी-चिंचवड किंवा ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या शॉपमध्ये ‘यू स्टॅम्पचं काम आहे’ असं कुणी म्हणालं, की वेल्डरपासून क्यूसीवाल्यापर्यंत सगळे सावध होतात. तो स्टॅम्प याच संहितेचा. संहितेची नवी आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते, समित्यांच्या बैठकांचा आठवडा वर्षातून चार वेळा भरतो, आणि मतदान करणारे सभासद आजही स्वयंसेवकच आहेत. ते कंपनीचे प्रतिनिधी म्हणून नव्हे, व्यक्ती म्हणून बसतात. उत्पादक, वापरणारे, विमा-तपासणीवाले, सरकारी यंत्रणा यांचा तोल राखलेला असतो, म्हणजे एकाच गटाला समिती ताब्यात घेता येत नाही. प्रस्तावाच्या विरोधात मत देणाऱ्याला कारण लिहून द्यावं लागतं, आणि समितीला त्या कारणाची दखल घ्यावी लागते.

हे शेवटचं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. नोकरीत तिशीच्या आतल्या अभियंत्याचं म्हणणं बहुतेक वेळा पदाच्या वजनाखाली दबतं. ‘साहेब, हे असं चालणार नाही’ म्हटलं की ‘आतापर्यंत चाललंच की’ असं उत्तर येतं आणि विषय मिटतो. समितीत मात्र साहेबालाही कारण लिहावं लागतं आणि नवख्यालाही. वीस वर्षांचा अनुभव हे कारण होऊ शकत नाही. त्या अनुभवातला आकडा, फुटलेला नमुना, चाचणीचा अहवाल हे कारण होऊ शकतं. अशा ठिकाणी दोन-तीन वर्षं काढलेला माणूस ऑफिसमधला साधा ईमेलही वेगळा लिहू लागतो. वरिष्ठांच्या नजरेत हा बदल आधी भरतो. पण तो कुठून आला, हे त्यांना क्वचितच ठाऊक असतं.

दुसरा लाभ कलमांमागची कारणं कळण्याचा. रोजच्या कामात आपण कोड उघडतो, टेबल बघतो, आकडा उचलतो. तो आकडा कशातून आला, कुणाचा त्याला विरोध होता, कुठली तडजोड झाली, हे पुस्तकात छापलेलं नसतं. भूकंपाचं आपलं मानक, आयएस १८९३, बघा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा तो परिसर नकाशावर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ च्या आवृत्तीत तो पहिला विभागच नकाशावरून गेला. (किल्लारीत पडली ती मुख्यतः दगड-मातीची घरं होती. कुठल्याही अभियंत्याचा हात न लागलेल्या भिंतींना नुसत्या नकाशाने वाचवलं असतं, असं मला वाटत नाही.) तरीही ज्याने असल्या बदलाची चर्चा समोर बसून ऐकली, तो कोडचा आकडा आंधळेपणाने वापरत नाही. कुठे थोडी ढील आहे आणि कुठे मुळीच नाही, हे त्याला कळतं. सल्लागार अभियंत्याची फी शेवटी याच समजेची असते.

तिसरी गोष्ट लोक उघडपणे बोलत नाहीत. समितीत तुमच्या शेजारी प्रतिस्पर्धी कंपनीचा डिझाइन हेड बसलेला असतो. मुलाखतीच्या अर्ध्या तासात तुमच्याबद्दल जे कळणार नाही, ते तो वर्षानुवर्षं पाहत असतो. मसुदा वेळेवर देता का, चूक दाखवली की चिडता का, इतिवृत्त नीट लिहिता का. इतिवृत्त हा शब्द मुद्दामच वापरला. नव्या माणसाच्या वाट्याला येणारं हे सर्वांत रटाळ काम, पण बैठकीत काय ठरलं हे शब्दांत पकडणारा माणूस हळूहळू अपरिहार्य होत जातो. पुढे नोकरी बदलायची वेळ आली, तर यांच्यापैकी एखाद्याचा फोन दहा रेझ्युमेंपेक्षा जास्त काम करतो.

आता या कामाची दुसरी बाजू. समितीची खुर्ची ही सत्ता असते आणि तिचा गैरवापर होऊ शकतो, झालेलाही आहे. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं की इंधन बंद करणारं एक सुरक्षा उपकरण असतं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या हायड्रोलेव्हल या छोट्या कंपनीचं असं उपकरण बाजारात पाय रोवू लागलं होतं. इंधन तोडण्यापूर्वी थोडा वेळ थांबणं हे त्याचं वैशिष्ट्य. बाजारातल्या बड्या प्रतिस्पर्धी कंपनीचा एक अधिकारी एएसएमईच्या संबंधित उपसमितीचा उपाध्यक्ष होता. त्याने उपसमितीच्या अध्यक्षाशी मिळून संस्थेला विचारायच्या प्रश्नाचा मसुदा ठरवला. प्रश्न रीतसर संस्थेकडे गेला, तिथून उत्तरासाठी त्याच अध्यक्षाकडे आला, आणि उत्तर संस्थेच्या लेटरहेडवर बाहेर पडलं. वेळ घेणारं उपकरण सुरक्षित नाही, असा त्याचा अर्थ निघत होता. बड्या कंपनीने ते पत्र गिऱ्हाइकांपुढे धरलं आणि हायड्रोलेव्हलचा धंदा बसला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८२ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला: संस्थेच्या नावाने बोलणारे लोक स्वयंसेवक असले, तरी त्यांच्या कृतीची जबाबदारी संस्थेवर येते.

हा किस्सा तरुण अभियंत्याने जरूर माहीत करून घ्यावा. समितीत जाताना आपल्या कंपनीचा हितसंबंध कुठे येतो हे आधीच सांगून टाकावं, त्या विषयापुरतं मतदानातून बाजूला व्हावं, आणि किमतीबद्दल, टेंडरबद्दल चहाच्या टेबलावरही बोलू नये. जो हे पाळतो त्याचं नाव राहतं. या क्षेत्रात नाव गेलं की परत मिळत नाही.

आपल्याकडे सुरुवात कुठून करायची? बऱ्याच जणांना वाटतं की यासाठी वशिला लागतो. समितीचं सभासदत्व मिळायला वेळ लागतो हे खरं, पण पहिली पायरी उघडी आहे. भारतीय मानक ब्यूरो नव्या मानकाचा मसुदा पक्का करण्याआधी तो सूचनांसाठी सगळ्यांना खुला करतं. कुणीही अभिप्राय पाठवू शकतो. त्याचा ठरलेला नमुना असतो: कलम क्रमांक, सुचवलेला बदल, त्यामागचं कारण. आपण रोज ज्या मानकावर काम करतो त्याचा मसुदा निघाला की एकाच कलमावर, पण आकड्यानिशी, लिहून पाठवा. नुसतं ‘हे कलम अस्पष्ट आहे’ असं कळवू नका, बदललेलं वाक्य स्वतः लिहून द्या. समितीच्या सचिवाला असली माणसं हवीच असतात. रस्ते-पुलांच्या क्षेत्रात असाल तर इंडियन रोड्स काँग्रेस आहे. तिचा उगम ज्या रस्ते विकास समितीच्या शिफारशींत आहे, तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले. समिती १९२७ ची, संस्था डिसेंबर १९३४ ची. आज कुठल्याही पुलाच्या भारगणनेत ‘आयआरसी : ६’ येतंच, आणि तेही अशाच समित्यांतून आलेलं आहे.

परदेशात असणाऱ्यांसाठी एक व्यवहारी मुद्दा. अमेरिकेच्या ईबी-१ए या ग्रीनकार्डाच्या वर्गात असामान्य क्षमता दाखवायला दहा निकष आहेत, त्यातले किमान तीन भागवावे लागतात. दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण करणं हा त्यातला एक, नामांकित संस्थेत महत्त्वाची भूमिका बजावणं हा आणखी एक. शोधनिबंधांचं परीक्षण किंवा तांत्रिक समितीचं नेतृत्व तिथे उपयोगी पडू शकतं. सभासदत्वाचाही निकष आहे, पण असाधारण कामगिरीवर मिळालेल्या सभासदत्वाचा. वर्गणी भरून मिळालेलं तिथे चालत नाही.

वेळेचं काय, असं बायको विचारेल आणि साहेबही. दोघांचं म्हणणं बरोबर आहे. पहिल्या वर्षी एकच समिती, एकच विषय, आणि साहेबाची परवानगी ईमेलवर लेखी घ्यावी. कंपनीचं कुठलं ड्रॉइंग, कुठला डेटा बाहेर दाखवता येणार नाही हे त्याच ईमेलमध्ये विचारून ठेवावं. काही कंपन्या या कामाला कामाचे तास मानतात, बऱ्याच मानत नाहीत; वार्षिक मूल्यमापनात तर ते बहुधा एका ओळीपुरतंच येतं. ती ओळ वाचून पगार वाढेल अशी आशा असेल तर या वाटेला जाऊ नये.

पुढच्या लेखांकात : पेटंट कुणाचं, तुमचं की कंपनीचं?