आपल्या गावाचा गमतीचा नकाशा

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर १९१४ साली एक भलामोठा रंगीत नकाशा लागला. मॅक्डोनल्ड गिल या चित्रकाराचा हा ‘वंडरग्राउंड मॅप’. त्यात रस्ते, नदी, स्थानके सगळे आहे. पण गल्लीगल्लीत माणसे धावपळ करताहेत आणि शाब्दिक कोट्यांची नुसती लयलूट आहे. प्राणिसंग्रहालयात एक अजस्र पक्षी पिंजऱ्याच्या गजांतून एका पोराला गिळतोय आणि पोराला काळजी पडली आहे ती चहाच्या वेळेला घरी पोचायची! रेल्वेसाठी हे काम करवून घेणारे फ्रँक पिक यांचा हेतू सरळ होता, लोकांनी शहर बघायला बाहेर पडावे आणि तिकीट काढावे.

म्हणजे मुळात ही जाहिरात. जुने चित्रनकाशे शोधणाऱ्याने हेच आधी ध्यानात घ्यावे. असे बरेचसे नकाशे अभ्यासासाठी निघाले नाहीत. ते रेल्वेने, हॉटेलांनी, दुकानदारांनी काढवून घेतले. कॅलिफोर्नियात चित्रकार जो मोरा यांनी सॅन दिएगोचा अप्रतिम नकाशा १९२८ साली केला तो एका मोठ्या दुकानासाठी. पुढे १९७०-८०च्या दशकांत अमेरिका-कॅनडातल्या लहान शहरांचे व्यंगचित्र-नकाशे निघाले. पैसे भरणाऱ्या न्हाव्याचे, बेकरीवाल्याचे दुकान त्यात ठळक दिसायचे आणि न भरणारा शेजारी गायब! म्हणून असा नकाशा हाती आला की त्यात काय नाही तेही बघावे.

वापरून झाले की हे कागद रद्दीत जात. तेव्हा शोध दुकानांच्या, हॉटेलांच्या जुन्या कागदपत्रांत आणि स्थानिक ग्रंथालयात घ्यावा. परदेशी शहरांसाठी डेव्हिड रम्सी यांचा इंटरनेटवरचा संग्रह हा मोठा आधार आहे. लाखाहून अधिक जुने नकाशे त्यात घरबसल्या फुकट बघता येतात, अगदी बारीक अक्षर वाचता येईल इतके मोठे करून. शोधताना शहराच्या नावापुढे ‘पिक्टोरियल मॅप’ एवढे दोन शब्द जोडले की निम्मे काम होते.

साल छापलेले नसेल तर चित्रालाच विचारावे. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३७ साली खुला झाला. तो नसेल तर नकाशा बहुधा त्याआधीचा. बहुधा अशासाठी, की चित्रकार कधी कधी बांधकाम चालू असलेला पूलही पुरा करून टाकतात. त्यामुळे दुकानांची नावे आणि फोन नंबरचे आकडेही ताडून पाहावेत.

विकत घेताना मात्र भिंग हवेच. गिलच्या काळातल्या शिळाछापावर रंग सलग किंवा खडबडीत दाण्यांचा दिसतो. आजच्या छपाईत नीट ओळीने मांडलेले रंगीत ठिपके दिसतात. ‘जुना शिळाछाप’ म्हणून विकायला असलेल्या नकाशात असे ठिपके दिसले तर सरळ निघून यावे. माझ्या मते घडीवर फाटलेला अस्सल नकाशा चकचकीत नकलेपेक्षा केव्हाही मोलाचा, कारण त्याच्या पाठीवर अनेकदा जाहिराती असतात आणि गावाचा खरा इतिहास तिथेच सापडतो.

चित्रनकाशाची आवड आपल्याकडेही जुनी आहे. मराठेकालीन नकाशांत डोंगर, झाडे, किल्ले रंगांनी चितारलेले आहेत. सुझन गोल यांच्या १९८९च्या ‘इंडियन मॅप्स अँड प्लॅन्स’ या पुस्तकात ते पाहता येतात. छापील काळातला माल मात्र घराघरांत विखुरलेला असणार. तेव्हा नगरपालिकेच्या स्मरणिका, शाळेचे शताब्दी अंक, जुन्या बँक-डायऱ्या, पर्यटनाची घडीपत्रके रद्दीत देण्याआधी एकदा चाळा. गावाचा नकाशा सापडलाच तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कुठे मिळाला ते लिहून ठेवा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.