गव्हाचा भाव आणि आपली उधारी

कापडाच्या धंद्यात उमर घालवलेल्या माणसाने गव्हाच्या धोरणावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या उधारीच्या वहीत आहे. मालेगावच्या मागांवरचा आमचा बराचसा माल माळव्यात जातो. देवास, उज्जैन, सिहोर या बाजूचा कापड दुकानदार माल उचलतो तो थंडीत आणि पैसे देतो ते गहू निघाल्यावर. त्याचे गिऱ्हाईक शेतकरी. शेतकऱ्याची थैली भरली तर दुकानदाराचा गल्ला भरतो, आणि गल्ला भरला तरच आमची वसुली होते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आम्ही सुताच्या भावाइतकेच गव्हाच्या भावाकडेही लक्ष ठेवतो.

२०२२ साली याचा चांगलाच अनुभव आला. त्या वर्षी ईदुल फित्र आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी, ३ मे रोजी आली होती. विक्री उत्तम झाली. गव्हाला हमीभावापेक्षा जास्त भाव मिळत होता. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईकाने फोनवर सांगितले, "शेठ, जूनमध्ये सगळा हिशेब साफ करतो. लोकांनी अर्धा गहू घरात ठेवला आहे, भाव अजून चढणार आहे." दहाच दिवसांनी, १३ मे रोजी, केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. ती जूनची रक्कम आम्हाला दिवाळीनंतर मिळाली, तीही तुकड्या-तुकड्याने. दुकानदार लबाड नव्हता. त्याची रक्कम शेतकऱ्याच्या घरातल्या गव्हात अडकली होती.

हे सारे कसे घडते, आणि शेतकरी संघटना कोणत्या मागण्या घेऊन वारंवार रस्त्यावर उतरतात, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी नीट समजून घेण्यासारखे आहे.

हमीभाव म्हणजे काय?

१९६५ साली दोन संस्था उभ्या राहिल्या. एक, भारतीय अन्न महामंडळ, जे धान्य खरेदी करून साठवते. दुसरी, कृषी मूल्य आयोग, जो पिकांच्या किमान भावाची शिफारस करतो. त्या काळी देश अमेरिकेच्या गव्हावर अवलंबून होता. शेतकऱ्याने नवे बियाणे आणि खत वापरून जास्त पिकवावे, आणि जास्त पिकले म्हणून भाव कोसळून त्याचे नुकसान होऊ नये, हा हमीभावामागचा हेतू होता. १९६६-६७ साली गव्हाचा हमीभाव क्विंटलला ५४ रुपये होता. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो २,४२५ रुपये आणि २०२६-२७ साठी २,५८५ रुपये ठरला.

आता हे लक्षात घ्या की जाहीर झालेला भाव वेगळा आणि हातात पडलेला भाव वेगळा. हमीभावाने माल घेण्याचे कायदेशीर बंधन खाजगी व्यापाऱ्यावर नाही. सरकार स्वतः घेते, पण सर्व घेत नाही आणि सर्व ठिकाणी घेत नाही. पंजाब, हरियाणा व मध्य प्रदेशात खरेदी मोठी होते. आपल्या महाराष्ट्रात गव्हाची सरकारी खरेदी नसल्यासारखीच आहे. २०१५ साली शांता कुमार समितीने सरकारला अहवाल दिला. त्यात नमूद आहे की देशातील जेमतेम ६ टक्के शेतकऱ्यांनी आपला माल सरकारी यंत्रणेला हमीभावाने विकला. बाकीच्यांना बाजार देईल तो भाव.

खर्चाचा हिशेब: मागवाल्याच्या भाषेत

सरकार म्हणते की गव्हाचा हमीभाव उत्पादनखर्चाच्या दुपटीहून अधिक आहे. २०२६-२७ साठी खर्च क्विंटलला १,२३९ रुपये धरला आहे, म्हणजे हिशेब कागदावर बरोबर आहे. मग शेतकऱ्याची तक्रार कशाची? तक्रार खर्च मोजण्याच्या पद्धतीची आहे, आणि आपल्या मागवाल्यांना ती चटकन कळेल.

समजा, तुमचे चार माग आहेत. सूत, सायझिंग, वीजबिल, कामगाराची मजुरी हा रोख खर्च झाला. तुम्ही स्वतः आणि तुमचा मुलगाही मागावर उभे राहता, त्या मेहनतीची मजुरी धरली की दुसरा हिशेब झाला. सरकार हमीभावासाठी हा दुसरा हिशेब धरते. पण गाळा तुमच्या मालकीचा आहे, तो भाड्याने दिला असता तर भाडे आले असते. मागांत तुमचे भांडवल अडकले आहे, त्याची किंमतही असते. हे दोन्ही धरले तर तिसरा हिशेब होतो, आणि तो बराच मोठा असतो. शेतकरी संघटना म्हणतात की स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरून जो पूर्ण खर्च येतो, त्यावर ५० टक्के नफा द्या. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ साली खर्चावर किमान ५० टक्के अधिक भावाची शिफारस केली होती, तिचाच आधार ते घेतात. गाळा आपलाच आहे म्हणून त्याची किंमत शून्य, असे कोणता कारखानदार मान्य करील?

एका रात्रीत बदललेला बाजार

आता २०२२ च्या गोष्टीकडे परत येऊ. त्या वर्षी फेब्रुवारीत रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले. हे दोन्ही देश गव्हाचे मोठे निर्यातदार. जगात भाव भडकले आणि भारतीय गव्हाला मागणी आली. २०२१-२२ साली देशातून सुमारे ७० लाख टन गहू बाहेर गेला होता, आणि पुढच्या वर्षी १०० लाख टनांची भाषा चालू होती. १२ मे रोजी वाणिज्य मंत्रालयाने जाहीर केले की गव्हाच्या निर्यातीसाठी नऊ देशांत शिष्टमंडळे पाठवली जातील. १३ मे रोजी निर्यातबंदीचा आदेश निघाला. ज्यांच्या हातात आधीची पक्की पतपत्रे होती त्यांनाच माल पाठवता आला. कांडला बंदराबाहेर गव्हाचे ट्रक रांगा लावून उभे राहिले.

सरकारकडे कारण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. मार्च २०२२ हा हवामान खात्याच्या नोंदीतला तोपर्यंतचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणा भरण्याच्या वेळी उष्णता लागली आणि पीक खाली आले. पंजाब-हरियाणात दाणा इतका सुकला की सरकारी खरेदीत सुरकुतलेल्या दाण्याची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. बाजारभाव हमीभावाच्या वर असल्याने शेतकऱ्याने माल खाजगी व्यापाऱ्याला दिला. आदल्या वर्षी सरकारने ४३३ लाख टन गहू घेतला होता, त्या वर्षी फक्त १८८ लाख टन हाती लागला. ८० कोटी लोकांना रेशन द्यायचे तर कोठार रिकामे ठेवून चालत नाही, हे खरेच आहे.

पण बंदीनंतरही बाबी थांबल्या नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये पिठाची निर्यातही बंद झाली. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने आपल्या साठ्यातला ३० लाख टन गहू खुल्या बाजारात आणण्याचे ठरवले, आणि फेब्रुवारीत त्याचा आधारभाव २,१५० रुपयांवर आणला. नवा गहू बाजारात यायला तेव्हा काही आठवडेच उरले होते. १२ जून २०२३ रोजी व्यापाऱ्यांवर ३,००० टनांची साठामर्यादा आली, ती फेब्रुवारी २०२४ पर्यंत उतरत उतरत ५०० टनांवर आली. नोव्हेंबर २०२३ पासून सरकारी पीठ २७ रुपये ५० पैसे किलोने विकले जाऊ लागले. निर्यातबंदी तर तीन वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली.

या प्रत्येक निर्णयाचे वजन तराजूच्या एकाच पारड्यात, म्हणजे खाणाऱ्याच्या पारड्यात पडले. भाव उतरतो तेव्हा हमीभावाकडे बोट दाखवले जाते, आणि भाव चढतो तेव्हा त्याला खाली ओढले जाते. वर जाण्याची वाट बंद आणि खाली थोडाफार आधार, अशा धंद्यात कोणता व्यापारी भांडवल घालील? गरिबाच्या ताटात स्वस्त रोटी पडलीच पाहिजे. पण तिची किंमत सरकारी खजिन्याने द्यायची की एकट्या शेतकऱ्याने, हा खरा प्रश्न आहे. बंदीमुळे जो भाव बुडतो, तो शेतकऱ्याने भरलेला करच असतो. फक्त त्याची पावती फाडली जात नाही.

आपला हात तरी साफ आहे काय?

इथे आम्हाला आपल्याच धंद्याकडे बोट दाखवावे लागते. २०१०-११ मध्ये सूत महागले तेव्हा यंत्रमागवाल्यांनी सुताची आणि कापसाची निर्यात थांबवा अशी मागणी केली होती. आम्हीही त्या सभांना बसलो होतो. सरकारने सुताच्या निर्यातीवर मर्यादा घातली. ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एका आदेशाने बंद झाली, आणि शेतकऱ्यांचा संताप पाहून आठवड्याभरात तो निर्णय फिरवावा लागला. तेव्हा विदर्भ-खानदेशातल्या कापूसवाल्याचे काय होईल, हा विचार आमच्या मनात आला नव्हता. २०२२ साली आमचीच रक्कम गव्हात अडकली, तेव्हा तो आला.

आपल्यातले बेकरीवाले, नानवाले, चक्कीवाले म्हणतील की मैदा स्वस्त राहिला तर आमचे भले आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण पाव विकत घेणाराही कुठेतरी शेतीच्याच पैशावर जगत असतो.

साठ्याबाबतही एक फरक ध्यानात ठेवावा. धान्य अडवून लोकांची उपासमार करणे आणि त्यावर नफा कमावणे याला आपल्या बुजुर्गांनी इहतिकार म्हटले आणि ते नाजायज ठरवले. पण हंगामात माल घेऊन वर्षभर थोडाथोडा विकणे ही तिजारत आहे. ती नसेल तर एप्रिलमध्ये शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळणार नाही आणि जानेवारीत शहराला गहू मिळणार नाही. १९७३ साली सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार पूर्णपणे आपल्या हाती घेतला होता. आमचे वडील त्या दिवसांच्या गोष्टी सांगत. माल बाजारातून गायब झाला, आणि पुढच्याच वर्षी सरकारला तो निर्णय सोडावा लागला.

संघटनांच्या मागण्या

शेतकरी संघटना दोन विचारांच्या आहेत. एक विचार महाराष्ट्रातल्या शरद जोशी यांनी मांडला: सरकारने निर्यातबंदी, साठाबंदी उठवून बाजार मोकळा करावा, शेतकरी आपला भाव मिळवील. दुसरा विचार पंजाब-हरियाणातल्या संघटनांचा: बाजारावर भरवसा नाही, हमीभावाला कायद्याचा आधार द्या. नोव्हेंबर २०२० पासून दिल्लीच्या सीमांवर वर्षभर चाललेल्या आंदोलनानंतर तीन कृषी कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाले, पण हमीभावाचा प्रश्न समितीकडे गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शंभू व खनौरी येथे पुन्हा ठाण मांडले गेले. तेथील मुक्काम १९ मार्च २०२५ रोजी पोलिसांनी उठवला. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये कृषिविषयक संसदीय समितीनेही कायदेशीर हमीची शिफारस केली होती.

कायदेशीर हमी आली तर व्यापाऱ्यावर काय परिणाम होईल, हेही पाहिले पाहिजे. हमीभावाखाली खरेदी हा गुन्हा ठरला आणि सरकारने स्वतः खरेदी वाढवली नाही, तर मंदीत व्यापारी खरेदीच बंद करील. २०१८ साली महाराष्ट्रात अशा शिक्षेची तरतूद आणण्याचे ठरताच अनेक बाजार समित्यांत व्यापाऱ्यांनी खरेदी बंद ठेवली आणि तो विषय मागे पडला. दुसरा मार्ग म्हणजे बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक सरकारने शेतकऱ्याला देणे. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजनेत तो काही पिकांसाठी वापरला, पण त्या काळात बाजारभाव आणखी पाडले गेल्याच्या तक्रारी झाल्या. सोपा तोडगा कोणाकडेच नाही.

व्यापाऱ्याने काय करावे?

आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी कराव्यात. पहिली, शेतीच्या भागात उधारी देताना त्या भागातले पीक, तेथील सरकारी खरेदी आणि राज्याचा बोनस पाहावा. २०२५-२६ मध्ये मध्य प्रदेशाने हमीभावावर १७५ रुपये आणि राजस्थानने १५० रुपये बोनस दिला. अशा भागात वसुली तुलनेने सुरक्षित असते. दुसरी, भाव चढताना सर्व माल उधारीवर सोडू नये. भाव फार चढला की सरकारचा आदेश येतोच, हे गृहीत धरावे. तिसरी, आपल्या संघटनांनी यापुढे सुताची किंवा कापसाची निर्यात थांबवा अशी मागणी करताना शेतकऱ्यांनाही बैठकीला बोलवावे. धोरण बदलायचे असेल तर ते हंगामाआधी जाहीर व्हावे, माल घरात आल्यावर नव्हे, एवढी मागणी तर व्यापारी आणि शेतकरी एका आवाजात करू शकतात.

आमच्या त्या देवासच्या गिऱ्हाईकाशी व्यवहार आजही चालू आहे. आता तो माल उचलताना निम्मी रक्कम रोख देतो. शेतकऱ्यांनाही तो सांगतो की सगळा गहू घरात ठेवू नका. यात त्याचा नफा थोडा कमी झाला आणि आमचाही, पण दोघांचा हिशेब वेळेवर साफ होतो.