वकिली : माणसे जोडणारी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणतात. भामरागड, कोरचीच्या माणसाला तर ती पायरीच दूर! बांधाच्या तंट्यात तारखा पडतात, मजुरी बुडते, भाऊ भावाला पारखा होतो.

यावर उपाय कायद्यातच आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, बालके, अपंग व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हा हक्क आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावा.

लोकअदालतीत न्यायाधीश, वकील व समाजसेवक दोन्ही पक्षांना समोर बसवून ऐकतात. समेट झाल्यास निवाडा अंतिम असतो आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

मात्र समेट म्हणजे अन्याय गिळणे नव्हे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हे लोकअदालतीत मिटवता येत नाहीत. तेथे लढावेच लागते. बॅरिस्टर बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा दावा १९३७ साली उच्च न्यायालयात जिंकेपर्यंत सोडला नाही. विद्यार्थी मित्रांनो, कायदा शिका. कुठे जोडायचे आणि कुठे लढायचे, हे ओळखणारे वकील आपल्या जंगलपट्ट्याला हवे आहेत.