दृश्यांशाची नोंद : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांची तुकडी अभ्याससहलीस निघाली म्हणजे त्यांच्या पाठपिशव्यांतून डोकावणारे हातोडे पाहून लोकांची, आणि पुष्कळदा खुद्द विद्यार्थ्यांचीही, अशी समजूत होते की डोंगरात जावे, तऱ्हेतऱ्हेचे दगड फोडावेत, त्यांच्या तुकड्यांना चिठ्ठ्या लावून ते प्रयोगशाळेत आणावेत आणि खरा अभ्यास तेथे, सूक्ष्मदर्शकाखाली, सुरू करावा, असाच या विद्येचा क्रम आहे. वस्तुस्थिती जवळजवळ याच्या उलट आहे. दगडाचा सुटा तुकडा आपली खनिजघटना सांगू शकतो. परंतु तो कोणत्या थराच्या वर आणि कोणत्या थराच्या खाली होता, तो थर कोणत्या दिशेस किती कललेला होता, त्याला कोणत्या भेगेने छेदले होते आणि ती भेग पुढे कोठे लुप्त झाली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसते. कारण हे गुण दगडाच्या जागेचे आहेत आणि जागा पिशवीत घालून आणता येत नाही. पंचनाम्यावाचून उचललेला मुद्देमाल न्यायासनापुढे जसा मुका ठरतो, तसाच नोंदीवाचून आणलेला नमुना. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघालेल्या निळ्या कॅव्हन्साइटच्या स्फटिकांची कीर्ती जगभर आहे; पण असा स्फटिक लाव्हा प्रवाहाच्या कोणत्या भागातील पोकळीत वाढला आणि त्याच्या आधी त्या पोकळीत कोणते खनिज बसले होते, हे जागेवरच लिहून ठेवले नाही, तर कपाटात त्याचे सौंदर्य तेवढे शिल्लक राहते.

नोंद कशाची करावयाची, येथूनच घोटाळ्यास आरंभ होतो. डोंगरउतारावर दिसणारा प्रत्येक मोठा दगड म्हणजे दृश्यांश, असे नवख्यास वाटते. भूपृष्ठाखालच्या अखंड खडकाचा, आपल्या मूळ जागी आणि मूळ स्थितीत उघडा पडलेला भाग म्हणजे दृश्यांश होय. सह्याद्रीच्या कड्यांच्या पायथ्याशी घरांएवढाल्या शिळा वरून निखळून पडलेल्या असतात, त्या कितीही भक्कम दिसल्या तरी त्यांचा कल मोजणे व्यर्थ आहे. शेजारच्या दोन-तीन शिळांतील भेगा एकाच दिशेने चालतात की प्रत्येकीची दिशा निराळी आहे, एवढे पाहिले तरी बहुधा निवाडा होतो. याच्या उलट चूकही होते. माळरानावर गोल गोटे दिसले की येथे पूर्वी नदी वाहत असावी, असे अनुमान लोक करतात. पण बेसॉल्टचा चौकोनी ठोकळा भेगांतून मुरलेल्या पाण्याने कोपऱ्यांकडून आधी कुजतो, त्याचे पापुद्रे एकाआड एक सुटत जातात आणि मध्ये गोल गाभा उरतो. असा गोटा मुरमात बसलेला असून त्याच्याभोवती पापुद्र्यांची वलये शाबूत असतील, तर तो जागचा हललेला नाही हे निश्चित समजावे.

सह्याद्रीच्या पायऱ्यांविषयीचा गैरसमज मात्र सुशिक्षितांतही खोल रुजलेला आहे. डोंगराच्या अंगावर एकावर एक दिसणाऱ्या पायऱ्या मोजाव्यात, आणि जितक्या पायऱ्या तितके लाव्ह्याचे प्रवाह असे समजावे, हा हिशेब सोपा असल्यामुळेच लोकप्रिय झाला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे लाव्हा भूपृष्ठावरील लांबच लांब भेगांतून बाहेर पडून पसरले, आणि आज दख्खनचा पाच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपासचा मुलूख त्यांनी व्यापलेला आहे, हे खरे. परंतु पायरी घडते ती झिजेच्या विषमतेमुळे. प्रवाहाचा घट्ट गाभा टिकतो आणि त्याचा पोकळ्यांनी भरलेला माथा लवकर ढासळतो, त्यामुळे एकाच जाड प्रवाहाच्या दोन पायऱ्या होऊ शकतात, तर पातळ जिभांसारखे पसरलेले अनेक प्रवाह मिळून एकच पायरी बनू शकते. १९२५ मध्ये भूवैज्ञानिक फर्मोर यांनी भुसावळ येथे कोळशाच्या शोधार्थ घेतलेल्या खोल विंधनछिद्रातील खडकांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा सुमारे ३७० मीटर खोलीत त्यांना २९ प्रवाह ओळखता आले. आणि ज्या जमिनीखाली हे २९ प्रवाह निजलेले होते तिच्यावर मोजण्यासारखी एकही पायरी नव्हती.

तेव्हा प्रवाहाची हद्द ओळखावयाची ती लांबून दिसणाऱ्या आकारावरून ठरवू नये. खडकाला नाक लावून ठरवावी. भोर-महाड रस्त्यावरील वरंधा घाटात किंवा तशाच एखाद्या घाटरस्त्याच्या कापणीपाशी उभे राहून खालून वर पाहत गेल्यास प्रथम घट्ट, काळा, बारीक कणांचा दगड लागतो. मग त्यात तुरळक पोकळ्या दिसू लागतात, वर जावे तसतशी त्यांची दाटी होते, आणि त्यांतून पांढरे झिओलाइट किंवा काचेसारखी गार भरलेली आढळते. माथा चुरलेला व तांबूस असतो, त्यावर कोठे वीतभर, कोठे हातभर लाल मातीचा पट्टा येतो, तर कोठे तो मुळीच नसतो. आणि त्यावरच्या प्रवाहाच्या तळाशी बोटाएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दगडात शिरलेल्या दिसतात. त्या नळ्या तळातून वर निघालेल्या वायूच्या वाटा होत, आणि भिंग लावून त्या एकदा नीट पाहिल्या म्हणजे प्रवाहाचा तळ ओळखण्यास फारसा आयास पडत नाही. लाल पट्ट्याविषयी असे सांगितले जाते की वरच्या तप्त लाव्ह्याने खालची माती भाजून काढली म्हणून ती लाल झाली. वरच्या उष्णतेचा परिणाम काही बोटे खोलीपर्यंत झाला असेलही. पण त्या पट्ट्याची लाली मुख्यतः दोन प्रवाहांमधल्या काळात उघड्या पडलेल्या राखेची किंवा प्रवाहमाथ्याची झीज होऊन त्यातील लोहाचे ऑक्सीभवन झाल्यामुळे आलेली आहे. म्हणून नोंदवहीत ‘भाजलेली माती’ असे न लिहिता रंग, जाडी, कणांचा आकार आणि वरखालचा संपर्क तीव्र आहे की हळूहळू बदलणारा, एवढाच तपशील लिहावा. कारणमीमांसेला पानाची दुसरी बाजू मोकळी असते. निरीक्षण आणि अनुमान एका ओळीत मिसळले की पुढे ती दोन्ही वेगळी काढणे खुद्द लिहिणाऱ्यालाही साधत नाही.

आता थरांच्या कलाकडे वळू. थर कोणत्या दिशेस आणि किती अंशांनी उतरतो, यास नती म्हणतात, आणि त्या थराच्या पृष्ठावर काढलेली आडवी, समतल रेषा ज्या दिशेने जाते तिला नतिलंब म्हणतात. सहलीवरची मंडळी डिप आणि स्ट्राइक हेच शब्द वापरतात. नतिलंबाची रेषा आणि नतीचे अंश एवढेच लिहून वही मिटणारे पुष्कळ असतात. पण उत्तर-दक्षिण रेषेला पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू आहेत, तेव्हा थर कोणत्या बाजूस उतरतो हे लिहिल्याखेरीज नोंद अर्धीच राहते. याहून मोठा गैरसमज असा की खाणीच्या भिंतीवर किंवा रस्त्याच्या कापणीत थराची जी रेषा दिसते तिचा उतार म्हणजेच थराचा उतार. कोकणात पनवेलच्या परिसरापासून उत्तर-दक्षिण पसरलेल्या, भूवैज्ञानिक ऑडेन यांनी १९४९ मध्ये वर्णन केलेल्या पट्ट्यात एरवी जवळजवळ सपाट असणारे दख्खनचे प्रवाह पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने, कललेले आहेत. तेथे उत्तर-दक्षिण खोदलेल्या खाणीच्या भिंतीसमोर उभे राहणाऱ्यास तेच प्रवाह अगदी आडवे दिसतील. खरी नती २० अंश असली आणि कापणीची भिंत नतिलंबाशी ३० अंशांचा कोन करीत असली, तर त्या भिंतीवर उतार सुमारे १० अंशांचाच भासतो. भिंत नतिलंबाला काटकोनात असेल तेव्हाच पुरे २० अंश दिसतात. यास्तव एका भिंतीवर भिस्त न ठेवता, कोपऱ्याला वळसा घालून दुसऱ्या दिशेची भिंत पाहावी, किंवा थराचे पृष्ठ जेथे हातभर तरी उघडे असेल तेथे यंत्र टेकवावे.

या दोन आकड्यांना इतके महत्त्व का, असे कोणास वाटल्यास त्याने लोणारकडे पाहावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचे मुख, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि चोहीकडे लाव्ह्याचाच मुलूख असल्यामुळे ती स्वाभाविकही होती. तथापि विवराच्या काठावर जे बेसॉल्टचे प्रवाह उघडे आहेत ते विवरापासून बाहेरच्या बाजूस कललेले आणि काही ठिकाणी चक्क उलथलेले आहेत. आसपासच्या मैदानात जे आडवे, तेच येथे उचलले गेले आहेत. विवरातून ओतलेल्या नव्या लाव्ह्याचा मागमूस नाही. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे घेतलेल्या विंधनछिद्रांत प्रचंड आघाताखेरीज निर्माण न होणारे काचरूप खनिज सापडले, आणि १९७३ मध्ये ते विवर उल्काघाताचे असल्याचा पुरावा प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतील साक्ष निर्णायक होती यात संशय नाही. परंतु काठावरच्या थरांचा कल ही त्या खडकांनी उघड्यावर मांडून ठेवलेली साक्ष होती, आणि ती वाचण्यास नतिमापक व वही एवढेच साहित्य पुरेसे होते.

स्तंभाकार बेसॉल्टच्या बाबतीत लोकांची कल्पना दोन टोकांना जाते. कोणी ते खांब मानवनिर्मित समजतो, तर अर्धवट शिकलेला ते नेहमी उभेच असतात असे धरून चालतो. लाव्हा निवताना आकसतो, भेगा पडतात, आणि त्या थंड होणाऱ्या पृष्ठाला काटकोनात आत सरकत जातात. आडव्या प्रवाहात म्हणूनच खांब उभे असतात. उभ्या भेगेत घुसून गोठलेल्या लाव्ह्याची जी भित्ती बनते तिच्यात दोन्ही बाजूंच्या भिंती थंड करणाऱ्या असल्याने खांब आडवे, रचून ठेवल्यासारखे, दिसतात. धुळे-नंदुरबारच्या मुलखात अशा भित्ती साधारण पूर्व-पश्चिम दिशेने मैलोगणती गेल्या आहेत. त्या गढीच्या तटाप्रमाणे शेतांतून उभ्या राहतात. तेव्हा खांब दिसताच केवळ ‘स्तंभाकार संधी’ असे लिहून पुढे जाऊ नये. ते कोणत्या दिशेस किती झुकले आहेत हे मोजावे. थंड करणारे पृष्ठ आज झिजून गेलेले असले तरी त्याची स्थिती या मोजणीवरून कळते.

होकायंत्र चुकत नाही, असा एक भाबडा विश्वास आहे. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांतील फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे तो येथे फारसा बाधत नाही. पण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, आणि डोंगरमाथ्यावर जेथे वीज पडून गेली आहे तेथील खडक होकायंत्राची सुई लक्षणीय वळवू शकतो. हातोडा, पट्ट्याचे बक्कल, आणि अलीकडे मोबाइलच्या वेष्टनातील चुंबक, हेही त्याच उपद्रवात भर घालतात. उपाय साधा आहे. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेची दिशा घ्यावी, मग दुसरीपासून पहिलीची उलट दिशा घ्यावी. दोहोंत १८० अंशांचा फरक येत नसेल तर दोहोंपैकी एका जागेचा खडक विश्वासार्ह नाही. मोबाइलमधील नतिमापकही याच चुंबकीय क्षेत्रावर दिशा ठरवीत असल्यामुळे तो या दोषातून सुटत नाही. वाचन ‘साडेसदतीस अंश’ असे बारीक लिहिल्याने अचूकता वाढते, हेही खरे नव्हे. थराचे पृष्ठ मुळातच खडबडीत असते, त्यापेक्षा त्याच थरावर चार ठिकाणी मोजून चारही आकडे लिहावेत.

छायाचित्र घेतले म्हणजे रेखाटनाची गरज उरत नाही, आणि ज्यास चित्रकला येत नाही त्याने त्या वाटेस जाऊ नये, असे म्हणणाऱ्यांना मी कळकळीने विरोध करीन. छायाचित्र सावली, शेवाळ, पाण्याचे ओघळ आणि प्रवाहाची हद्द या साऱ्यांना सारखाच मान देते. रेखाटन करणाऱ्यास प्रत्येक रेघेपूर्वी ठरवावे लागते की ही भेग आहे की डाग, आणि ते ठरवण्यासाठी तो पुढे जाऊन हात लावतो. चार सरळ रेघा, शेजारी उभ्या केलेल्या माणसाची उंची, आपण कोणत्या दिशेस तोंड करून पाहत आहोत त्याचा बाण, आणि नतीचे आकडे ज्या ठिकाणी घेतले त्या ठिकाणाच्या खुणा, एवढ्याने रेखाटन पुरे होते. छायाचित्र अवश्य घ्यावे, पण त्याचा क्रमांक रेखाटनाच्या शेजारी लिहावा. रात्री मुक्कामी सुवाच्य नक्कल करू, अशा भरवशावर जागेवर मोघम लिहिणे मात्र घातक आहे. नकलेत स्मृती आपली भर घालते. चिखलाचे डाग पडलेली मूळ वहीच दस्तऐवज होय, आणि तिच्यातील चूक खोडरबराने पुसू नये. वाचता येईल अशी एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी.

हातोड्याचे स्थान यानंतर येते, आणि ते आहेच. कुजलेल्या तांबूस कवचाखालचा ताजा दगड पाहिल्याशिवाय खडक ओळखता येत नाही. मात्र घाव घालण्यापूर्वी, तुकडा सुटण्याआधीच, त्याच्या एका सपाट पृष्ठावर नतिलंबाची रेघ, नतीचा बाण आणि वरच्या बाजूची खूण करून ते आकडे वहीत लिहिण्याची सवय ठेवावी. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसॉल्टमध्ये गोठून राहिलेल्या चुंबकत्वाची दिशा मोजली आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांवरून असे दिसले की हे लाव्हा थंड झाले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस होता. खंड सरकतात या मतास त्या काळी थोडेच लोक मान देत होते, तेव्हा मिळालेला हा एक सबळ दाखला. आणि नमुन्यावर त्याची जागेवरची दिशा खुणावलेली नसती, तर त्या चुंबकत्वाच्या मोजणीला काहीच अर्थ उरला नसता. लोणारसारख्या अभयारण्यात, लेण्यांच्या आवारात किंवा लोकांच्या देवस्थानी हातोडा बाहेर काढूच नये, आणि तेथे वहीचे काम दुप्पट कसोशीने करावे.

दृश्यांश कायमचा असतो, पुन्हा कधीही येऊन पाहता येईल, हा शेवटचा गैरसमज. अंधेरीचा गिलबर्ट हिल हा साठेक मीटर उंचीचा स्तंभाकार सुळका आज एकाकी दिसतो, कारण त्याच्या भोवतालचा खडक खाणकामात काढून नेला गेला. घाटरस्ते रुंद होताना जुन्या कापण्या फोडल्या जातात, नव्या कापण्यांवर दरडींच्या भीतीने सिमेंट फवारले जाते अथवा जाळ्या ठोकल्या जातात, आणि बंद पडलेल्या खाणी पाण्याने किंवा कचऱ्याने भरतात. म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावर गाव, तालुका, रस्त्यावरील किलोमीटरच्या दगडाचा आकडा, अक्षांश-रेखांश आणि तारीख आधी लिहावी, आणि मग भिंग डोळ्याला लावावे.