फॉरमॅट मारण्याआधी

घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवताना काही बिघडलं, की भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, “फॉरमॅट मारून टाक.” हा सल्ला मला मनापासून खटकतो. फॉरमॅटनं मशीन चालू होतं, हे खरं. पण काय बिघडलं होतं याचा पुरावाही त्याबरोबर पुसला जातो, आणि पुढच्या अपग्रेडला तेच दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. लिनक्समध्ये मशीन कुठे अडलं ते बहुतेक वेळा स्वतःच लिहून ठेवतं. ते वाचायला थोडा धीर लागतो, एवढंच.

काकांच्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट २१.३ होतं. त्यावरून २२ वर जाण्याचा घाट घातला होता. मिंट २२ जुलै २०२४मध्ये आलं, ते उबुंटू २४.०४वर बेतलेलं आहे आणि त्याला २०२९पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणजे उडी मारण्यासारखीच होती. या उडीत कर्नलही बदलतो: ५.१५ जाऊन ६.८ येतो. पॅकेजं उतरली, बसू लागली, शेवटी शेवटी लाल अक्षरांत काहीतरी येऊन गेलं आणि रिस्टार्टनंतर स्क्रीन काळी. त्यावर पांढऱ्या ओळींचा ढीग आणि तळाशी कर्नल पॅनिकची ओळ: रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही, अननोन ब्लॉक शून्य, शून्य.

मधे लाईट गेली होती. इन्व्हर्टरवर मशीन चालूच राहिलं होतं, तरी घरात निकाल लागून गेला होता की लाईटनं घात केला, हार्ड डिस्क गेली. काका म्हणाले, “फॉरमॅट मार बाई, कशाला डोकं लावत बसतेस. फोटो तेवढे वाचव.”

ती ओळ भयंकर वाटते, पण नीट वाचली तर दिलासाच देते. पॅनिकची तक्रार करणारा कर्नल स्वतः त्याच डिस्कवरून वाचून मेमरीत आलेला असतो. कर्नल उचलून सुरू करणाऱ्या ग्रबला डिस्क दिसली म्हणून तर तो सुरू झाला. अडचण त्यापुढची आहे. कर्नलला डिस्क आणि तिच्यावरची फाइल सिस्टिम ओळखायला जे ड्रायव्हर सुरुवातीलाच लागतात, ते इनिट्रॅमएफएस नावाच्या एका फाइलमध्ये बांधून दिलेले असतात. ती फाइल नसली, तर शून्य, शून्य. म्हणजे एकही डिस्क अजून त्याच्या ओळखीची झालेली नाही.

मशीन चालू करताना शिफ्ट दाबून धरली, की ग्रबची यादी दिसते (नव्या यूईएफआय मशीनवर त्यासाठी एस्केप दाबतात). त्यात ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली जुना कर्नल असतो. अपग्रेडनंतर जुना कर्नल लगेच काढून टाकू नये तो याचसाठी. ५.१५ निवडला आणि मिंटचा डेस्कटॉप उघडला. काकांचा जीव भांड्यात पडला.

फोटो सुखरूप होते. अपग्रेड सुरू होण्याआधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉटही घेतलेला होता. मिंटचं अपग्रेडचं साधन तो घेतल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही, आणि हा त्याचा हट्ट मला अगदी योग्य वाटतो. तो स्नॅपशॉट परत आणला असता तर सगळं काल होतं तसं झालं असतं. पण कारणही जागच्या जागी राहिलं असतं. म्हणून आधी लॉग.

पॅकेजं उतरवून बसवणारं एपीटी काय काय बोललं ते व्हार, लॉग, एपीटी या फोल्डरात टर्म नावाच्या फाइलमध्ये जसंच्या तसं साठतं. ती तळापासून वर वाचावी आणि पहिली चूक सापडेपर्यंत थांबू नये. शेवटची चूक सहसा आधीच्या चुकीचा परिणाम असते. इथे खाली डझनभर पॅकेजं कॉन्फिगर न झाल्याची रड होती. वर, बरंच वर, एक ओळ: डीकेएमएसला ६.८ कर्नलसाठी मॉड्यूल बांधता आलं नाही. मॉड्यूलचं नाव होतं ८८२१सीयू.

ते ज्याचं, ती वस्तू मशीनच्या मागे यूएसबीत खोचलेली होती: वायफायचा बोटाएवढा डोंगल. मिंट पहिल्यांदा टाकलं तेव्हा ५.१५ कर्नलला त्याची चिप येत नव्हती, म्हणून कोणीतरी बाहेरून ड्रायव्हर आणून बसवला होता. असा बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्यानं बांधावा लागतो, आणि ते काम डीकेएमएस आपोआप करतं. ड्रायव्हरचा जुना सोर्सकोड नव्या कर्नलशी जुळला नाही, की बांधणी फसते.

पण वायफायचा ड्रायव्हर फसला म्हणून अख्खं मशीन का अडावं? मला या प्रकरणातला हाच भाग फार आवडतो. कर्नल बसल्यावर करायच्या कामांच्या छोट्या स्क्रिप्ट एका फोल्डरात असतात आणि इंग्रजी वर्णक्रमानं चालतात. डीकेएमएसचा डी आधी, इनिट्रॅमएफएसचा आय नंतर, आणि ग्रबची यादी नवी करणाऱ्या स्क्रिप्टच्या नावाआधी मुद्दाम दोन झेड लावलेले, ती अगदी शेवटी यावी म्हणून. डीकेएमएस पडलं, की रांग तिथेच थांबते आणि इनिट्रॅमएफएस बनतच नाही. नंतर ग्रबचं स्वतःचं पॅकेज अद्ययावत होताना त्यानं यादी नव्यानं केली. त्याला ६.८ कर्नल दिसला, आणि त्यानं तो पहिल्या क्रमांकावर घातला. लाईटचा काही संबंध नव्हता.

उपाय छोटा होता. तो ड्रायव्हर डीकेएमएसमधून काढला, अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करायची डीपीकेजीची आज्ञा दिली. या खेपेला रांग शेवटपर्यंत गेली, इनिट्रॅमएफएस तयार झालं, ६.८ सुरळीत सुरू झाला. वायफाय मात्र बंद. हेही समजण्यासारखं होतं. या चिपचा ड्रायव्हर ६.२पासून कर्नलमध्येच आहे, पण बाहेरच्या ड्रायव्हरनं येताना त्याला मज्जाव करणारी ब्लॅकलिस्टची एक फाइल मोडप्रोबच्या फोल्डरात ठेवली होती, आणि ड्रायव्हर गेला तरी ती मागे राहिली होती. फाइल हटवली, रिस्टार्ट केलं, वायफाय लागलं. फॉरमॅट मारला असता तर नव्या मिंटवर तोच ड्रायव्हर पुन्हा शोधून बसवला गेला असता, कारण “या डोंगलला तो लागतोच” हे घरात पक्कं झालेलं होतं.

तरी पुन्हा इन्स्टॉल करायची वेळ कधी कधी येतेच. त्याच घरातल्या जुन्या लॅपटॉपमध्ये वर्षानुवर्षं इतक्या ठिकाणची पॅकेजं मिसळली गेली होती, की एक सोडवलं की दुसरं अडायचं. तिथे मी स्वतःच नव्यानं टाकायला सांगितलं. होमचं पार्टिशन वेगळं होतं, त्यामुळे भीती नव्हती. इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ निवडायचं, जुन्या पार्टिशनला होम म्हणून जोडायचं, आणि त्याच्यापुढची फॉरमॅटची खूण काढलेली आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहायचं. लिनक्स फाइलवर मालकाचं नाव लिहीत नाही, क्रमांक लिहितं. पहिला वापरकर्ता उबुंटू आणि मिंटमध्ये नेहमी १००० असतो, म्हणून तेच नाव देऊन आत गेलं की काकांची कागदपत्रं काकांचीच राहतात.

मराठी टंकनाचं मात्र अर्धंच परत येतं. आयबसची निवड होममध्ये साठलेली असते, पण फोनेटिक पद्धत चालवणारं एम१७एनचं पॅकेज सिस्टिमबरोबर गेलेलं असतं. ते वेगळं टाकावं लागतं. आणि त्याच लॅपटॉपवर शेजारच्या पार्टिशनमध्ये डेबियन होतं, ते यानंतर सुरू होताना दीड मिनिट नुसतं थांबू लागलं. इन्स्टॉलरनं दोघांच्या सामाईक स्वॅपला नव्यानं फॉरमॅट केलं होतं, त्यामुळे स्वॅपचा यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, बदलला होता. सुरू होताना काय काय जोडायचं याची यादी असलेल्या डेबियनच्या एफएसटॅब फाइलमध्ये जुनाच होता, आणि सिस्टिमडी त्या नसलेल्या स्वॅपची ठरलेले ९० सेकंद वाट पाहत होतं. त्या फाइलमध्ये नवा यूयूआयडी लिहिला आणि डेबियन पूर्वीसारखं झटकन उघडायला लागलं.