गाडी भरली म्हणजे घर भरलं?

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की लातूरच्या बाजार समितीभोवती ट्रकच्या रांगा लागतात आणि बघणारा सहज म्हणून जातो, ‘ट्रकवाल्यांची चांदी आहे!’ आयकराचा नियमही जवळपास तसंच धरून चालतो. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाने हिशेबाच्या वह्या ठेवल्या नाहीत, तर जड वाहनाचं उत्पन्न एकूण वजनाच्या दर टनामागे महिना 1,000 रुपये मानलं जातं. म्हणजे 28.5 टनांच्या दहा टायर गाडीमागे महिन्याला 28,500. गाडी महिनाभर उभी राहिली तरी.

प्रत्यक्षात एक-दोन गाड्यांच्या मालकाची कमाई ठरते परतीच्या भाड्यावर. लातूरहून वाशीला डाळ घेऊन निघालेली गाडी साडेचारशे किलोमीटर चालली आणि लिटरला चारचं ॲव्हरेज धरलं, तर जातानाच 110 लिटरच्या वर डिझेल लागतं. नव्वदच्या भावाने दहा हजार रुपये. रिकामी परतली तर आणखी सात-आठ हजार, शिवाय टोल आणि चालकाचा भत्ता. न्हावा शेवा बंदरात उतरलेली आफ्रिकेची तूर लातूरच्या डाळमिलसाठी मिळाली तर फेरी सुटते. हैदराबादकडे गेलेली गाडी तांडूरची फरशी नाहीतर सेडम-वाडीचं सिमेंट शोधते. अर्धापूरची केळी घेऊन उत्तरेत गेलेल्याचा मात्र परतीच्या मालासाठी ढाब्यावरच मुक्काम पडतो. हंगामात माल वाढतो तशा बाहेरच्या गाड्याही येऊन उभ्या राहतात, हे रांग बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दुसरी समजूत, भाडं सरकार ठरवतं. एसटीचं आणि रिक्षाचं ठरवतं. मालाचं भाडं ब्रोकरच्या फोनवर ठरतं, आणि त्यातला मोठा भाग ॲडव्हान्स मिळाला तरी ‘बॅलन्स’ पोहोच पावती परत आल्यावरच हाती पडतो. तोवर फायनान्सचा हप्ता थांबत नाही. भरण्या-उतरवण्याची हमाली आणि वाराई अनेक ठिकाणी गाडीवाल्याच्याच भाड्यातून जाते. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी घोषणा त्यातूनच आली, आणि माझ्या मते ती अगदी रास्त आहे.

‘ओव्हरलोड भरतात ते मालकाच्या हावेपायी,’ हेही अर्धंच खरं. 2018 मध्ये केंद्राने ॲक्सलची वजनमर्यादा वाढवली आणि दहा टायरच्या गाडीचं एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलं. तेवढ्याच मालाला गाड्या कमी लागू लागल्या. त्यामुळे नियमात भरून भाडं परवडत नसेल, तर व्यापाऱ्याने धरलेला जास्तीचे दोन टन भरायचा आग्रह मालकाला मोडवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला दंड 20,000 रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला 2,000. कायदा ‘भरायला लावणाऱ्या’लाही धरतो, पण नाक्यावर हाती सापडतो तो चालक.

जीएसटीबद्दल तर गोंधळच आहे. वाहतूक कंपनीच्या भाड्यावरचा 5 टक्के कर बहुतेक वेळा माल पाठवणारा किंवा घेणारा भरतो. कंपनीला गाडी भाड्याने देणाऱ्या छोट्या मालकाला त्यावर कर नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रक आणि टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. सर्वांत मोठा खर्च डिझेलचा, आणि डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे.

2025 मध्ये तीन हजार रुपयांत सुरू झालेल्या वार्षिक टोल पासचीही विचारणा होते. तो खासगी कार-जीप-व्हॅनसाठी आहे. नांदेड-लातूर राष्ट्रीय महामार्ग 361 वर माल नेणाऱ्या ट्रकला टोल मोजावाच लागतो.

आणि पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात? सरकारी वाहनांसाठी तसा नियम 2023 पासून आहे. इतरांची गाडी फिटनेसमध्ये पास झाली तर चालते. शुल्क मात्र बरंच वाढतं. नॅशनल परमिट दोन ॲक्सलच्या गाडीला बारा वर्षांपर्यंतच मिळतं, मल्टीॲक्सलला पंधरापर्यंत. म्हणून तेराव्या वर्षातला सहा टायरचा, दोन ॲक्सलचा ट्रक मग लोहा, उदगीर, नांदेड असा राज्यातल्या राज्यातच पेंड आणि खत वाहताना दिसतो.